मयताचे बटाटे

व्हर्ला क्लासन आमच्या गावात, हॅलोवेत, राहायला आली ती एक ऑगस्टला. इथे त्या दिवशी कोणी नवं माणूस आलं तर लक्षातही येत नाही. कॉलेजचं गाव, सगळ्यांचे भाडेकरार एकतीस जुलैला संपतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातं. रस्त्याच्या कडेला सोफे, गाद्या, दिवे, तीन पायांच्या खुर्च्या. कडेला ठेवलं ते सोडलं, ज्याला हवं त्याने न्यावं, असा रिवाज. व्हर्लाच्या मुलाने तिचा लांबलचक फ्रीझर ट्रकमधून उतरवून कडेला ठेवला आणि तो दुसरी खेप आणायला गेला. तेवढ्यात कॉलेजची दोन मुलं आली. फ्रीझर पाहून त्यांना घबाड सापडल्याचा आनंद झाला, आणि दोघांनी तो दोन टोकांना धरला.

व्हर्ला दारात उभी राहून पाहत होती. मग पायऱ्या उतरून खाली आली आणि म्हणाली, "बाळांनो, न्यायचाच असेल तर न्या. पण आत अर्धं डुक्कर आहे. तेवढं काढून घेऊ का?"

मी समोरच्याच घरात राहते आणि समोर काय चाललंय ते पाहणं मी माझं काम समजते. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्या पोरांना असं झापलं, की त्यांनी तो फ्रीझर मुकाट्याने व्हर्लाच्या तळघरात नेऊन जोडूनसुद्धा दिला.

"तुझा फ्रीझर, आणि तूच परवानगी मागतेस?" मी विचारलं.

"अगं, किती खूश झाली होती पोरं," ती म्हणाली. "मला कसंतरीच वाटलं."

त्याच क्षणी मी बाईला ओळखलं, असं मला वाटलं. मऊ आहे, म्हटलं. कोणीही चेपावं. माणसं ओळखण्यात माझा हातखंडा आहे असा माझा समज होता, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

मी आर्डिस लिंडक्विस्ट. चौतीस वर्षं कॉलेजच्या कचेरीत मुलांची नावं नोंदवली. नवरा, ऑरिन, जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. चार खोल्यांच्या घरात मी एकटी. आणि आमच्या चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. गावात कोणी वारलं की अंत्यविधीनंतर सगळ्यांना तळघरात जेवण असतं: हॅमचे बन, जेलीचं सॅलड, वड्या, कॉफी, आणि मधोमध बटाटे. किसलेले बटाटे, साय, चीज, कांदा, वर कुरकुरीत चुरा, ओव्हनमध्ये भाजलेले. लग्नाकार्यात ते कोणी करत नाही. त्यांना आमच्याकडे मयताचे बटाटेच म्हणतात. कोणी काय आणायचं ते मी ठरवते, आणि त्याची एक चढण आहे. नव्या बाईने कागदी नॅपकिन आणायचे. मग बन. मग सॅलड. मग वड्या. बटाट्यांपर्यंत पोचायला कोणाकोणाला पंधरा वर्षं लागली आहेत.

व्हर्ला पहिल्या रविवारी चर्चला आली तेव्हा मी रीतसर विचारलं, "काय आणशील तू?"

"काहीही सांग गं. जे लागेल ते," ती म्हणाली.

"मग नॅपकिन आण."

"बरं," ती म्हणाली. आणि नॅपकिन आणले. चांगल्यातले, जाड, कडेला निळी रेघ असलेले.

ती मूळची एकबीची, इथून चाळीस मैल. पन्नास वर्षं शेतावर राहिली. नवरा गेला, शेती मुलाकडे गेली, सून घरात आली. सून वाईट नव्हती. "पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," व्हर्ला म्हणायची, "आणि एका स्वयंपाकघरात दोन बायका तर नाहीच नाही." एकबीत म्हाताऱ्यांसाठी नवी घरं झाली होती, तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथे जवळपास. तरी ही बाई इथे आली. का, ते तिने मला सहा महिन्यांनी सांगितलं. सतराव्या वर्षी तिला आमच्या कॉलेजात शिकायचं होतं. एकाचीच फी परवडणार होती, आणि वडिलांनी भावाला पाठवलं. भाऊ दोन वर्षांत नापास होऊन घरी परतला. आता कॉलेजने पासष्टीच्या वरच्यांना मागच्या बाकावर फुकट बसायची सोय केली होती. व्हर्लाने त्र्याहत्तराव्या वर्षी भूगर्भशास्त्र घेतलं.

"भूगर्भशास्त्रच का?" मी विचारलं.

"दर वसंतात शेतातले दगड वेचले गं. पन्नास वर्षं. दरवर्षी नवे वर येतात. मी नवऱ्याला विचारायचे, हे येतात कुठून? तो म्हणायचा, सैतान आणून टाकतो." ती हसली. "काल सर म्हणाले, बर्फाच्या नदीबरोबर कॅनडातून आले. वर्गात सगळी पोरं जांभया देत होती. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. कॅनडातून, आर्डिस! आणि मी त्यांना शिव्या घालत होते."

भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात तीन विद्यार्थी राहायचे. त्यांच्या गाण्यांनी तिच्या कपाटातल्या बश्या थरथरायच्या. तिने तक्रार केली नाही. बश्या खालच्या फळीवर ठेवल्या. वाणी, दंतवैद्य, वाचनालय, सगळीकडे लोक तिच्याशी गोड बोलायचे आणि ती सगळ्यांशी. पण तिच्या घरी कोणी जात नव्हतं आणि तिला कोणी बोलावत नव्हतं. मीसुद्धा नाही. मी रोज खिडकीतून हात हलवायचे आणि शेजारधर्म पाळला असं समजायचे.

ती आल्यापासून दीड वर्षात गावात बावीस माणसं गेली. बावीस वेळा व्हर्लाने नॅपकिन आणले. तिला पुढच्या पायरीवर चढवायचं माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. आणि ती मागणार कशी? आमच्यात बटाटे मागणारी बाई म्हणजे गर्वाने फुगलेली बाई.

दुसऱ्या जानेवारीत एका रविवारी कॉफीचे कप विसळताना ती म्हणाली, "घरमालकाला पंधरा फेब्रुवारीपर्यंत कळवायचंय, पुढच्या वर्षी राहणार की नाही. एकबीहून माझ्या मैत्रिणीचा, लव्होनचा, फोन होता. तिच्या शेजारचं घर ऑगस्टमध्ये रिकामं होतंय म्हणे."

रस्त्यापलीकडचा तो दिवा, सकाळी साडेपाचला लागणारा, तो दिसणार नाही एवढंच आधी मनात आलं. आणि तोंडाने मी काय म्हणाले?

"बरं होईल की. आपली माणसं ती आपली माणसं."

कारण आमच्यात असंच म्हणतात. समोरच्याला अडवायचं नाही, आपलं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही. व्हर्लाने हातातला कप पुन्हा एकदा पुसला, जो आधीच कोरडा होता.

"हो ना," ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एमेट स्ट्रोबीन वारला. कॉलेजच्या किल्ल्यांच्या खोलीत अडतीस वर्षं काढलेला माणूस. किल्ली आत विसरून दार ओढून घेणाऱ्या पोरांना रात्री-बेरात्री दार उघडून द्यायचं, हे त्याचं काम. लग्न नाही, मूल नाही, एक भाची ओरेगनला. मी हिशेब केला: चर्चचे पंचवीस, कॉलेजचे दहा, वर पाच. चाळीस माणसं. बटाट्यांचे तीन ट्रे पुष्कळ.

"कॉलेजची मुलं नाहीत का येणार?" व्हर्लाने शुक्रवारी विचारलं.

"आत्ताच्या पोरांना तो कुठे माहीत? रिटायर होऊन सहा वर्षं झाली."

"जुनी मुलं म्हणते मी."

"जुनी पोरं शिकागोत आणि डेन्व्हरला आहेत बाई. कुलूपवाल्यासाठी बर्फातून कोण येतंय?"

"बरं," व्हर्ला म्हणाली.

शनिवारी अकराला प्रार्थना होती. पावणेअकराला मी तळघरातून वर आले आणि दारातून बाहेर पाहिलं, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, वाचनालयापर्यंत. इलिनॉयच्या नंबरपाट्या, मिनेसोटाच्या, कोलोरॅडोच्या. पन्नाशीची माणसं, तिशीची माणसं, कडेवर पोरं. बाकं भरली, गॅलरी भरली, लोक भिंतींना टेकून उभे राहिले. मी तीनशेपर्यंत मोजलं आणि मोजणं सोडून दिलं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

खाली स्वयंपाकघरात आम्ही पाच बायका एकमेकींकडे पाहत उभ्या. तीन ट्रे. चाळीस बन. मी म्हणाले, "थोडं थोडं वाढू."

व्हर्लाने हातातलं नॅपकिनांचं पुडकं टेबलावर ठेवलं. कोट काढला. बाह्या वर केल्या.

"आर्डिस, वर जा," ती म्हणाली. "पास्टरच्या कानात सांग, प्रवचन आवरतं घ्या आणि लोकांना बोलू द्या. एमेटने ज्याचं ज्याचं दार उघडलं त्याने उठून सांगावं. मला साडेबारापर्यंत वेळ हवाय."

"अगं पण..."

"जा म्हटलं ना!"

तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पन्नास वर्षं डुकरं, नवरा आणि मळणीची माणसं त्या आवाजावर हलली असणार. मी गेले.

आणि लोक बोलले. शिकागोची एक बाई, आता न्यायाधीश, म्हणाली, "मी ओल्या केसांनी, पायजम्यावर, बर्फात उभी. एमेट आला, हसला नाही, रागावला नाही. दार उघडलं आणि विचारलं, 'जेवलीस का?' मी नाही म्हटलं, तर खिशातून सफरचंद काढून दिलं." तिच्यामागे एक टक्कल पडलेला माणूस उठला, "मलाही!" मग गॅलरीतून कोणीतरी, "मलाही!" सगळं चर्च हसायला लागलं आणि हसता हसता रडायला लागलं. अडतीस वर्षं आम्ही त्याच्या शेजारून चाललो, आणि त्याच्या खिशात सफरचंद असतं हे गावात एकालाही माहीत नव्हतं.

मी खाली आले तर माझं स्वयंपाकघर मला ओळखू येईना. व्हर्लाने एकीला दुकानात पिटाळलं होतं, किसलेल्या बटाट्यांची गोठवलेली पाकिटं असतील तेवढी उचलून आणायला. दोघींना घरी पाठवलं होतं, रस्त्यावरच्या सात घरांतले ओव्हन पेटवायला. त्यातला एक माझा, माझ्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कोणीतरी होतं. आणि एकबीला एक फोन केला होता. एकच. पन्नास मिनिटांत तिथून दोन ट्रक आले. त्यातून लव्होन आणि चार बायका उतरल्या, हातात विजेवर चालणारी पाच मोठी भांडी, हॅमचे डबे आणि त्या सकाळी शाळेच्या मेळाव्यासाठी भाजलेले दोनशे बन.

"मेळाव्याचं काय?" मी विचारलं.

"मेळाव्याची माणसं जिवंत आहेत, थांबतील," लव्होन म्हणाली.

मी घाईने दोन भांडी एकाच भिंतीच्या प्लगला लावायला गेले, तर व्हर्ला ओरडली, "आर्डिस, हात काढ! फ्यूज उडवतेस का? एक इथे, एक पास्टरच्या खोलीत, एक मुलांच्या वर्गात, दोन वरच्या मजल्यावर. विजेच्या एका लाइनवर एकच." माझ्या चर्चचे प्लग तिने दीड वर्ष नॅपकिन ठेवता ठेवता मनात मोजून ठेवले होते.

दीड वाजेपर्यंत तीनशे दहा माणसं जेवली. बटाटे कोणाला कमी पडले नाहीत. मी ते चाखले. मी तीस वर्षं करते तसले बटाटे हे नव्हते. कांदा आधी लोण्यात परतलेला, आणि चीजबरोबर काहीतरी आंबूस. खोटं कशाला बोलू, माझ्याहून चांगले होते.

एकबीच्या बायका जाताना कोट घालत होत्या. लव्होनने माझ्याकडे वळून कौतुकाने विचारलं, "आमच्या चर्चला कुलूप लागेपर्यंत पंचेचाळीस वर्षं स्वयंपाकघर हिचं होतं. तुमच्याकडे काय काय करते?"

मी काही बोलण्याआधी व्हर्ला म्हणाली, "नॅपकिन आणते."

पाच बायकांनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे गेले. आम्ही दोघी राहिलो, ती भांडी घासतेय, मी पुसतेय. मी म्हणाले, "मला सांगायचंस ना, व्हर्ला."

तिने घासणी पाण्यात आपटली.

"मी सांगायचं? दीड वर्ष! दीड वर्ष मी नॅपकिन वाहिले, आर्डिस. माझ्या नवऱ्याच्या मयताला चारशे माणसं जेवली, ते बटाटे मी स्वतः केले, माझं दुःख बाजूला ठेवून. आणि तू मला एकदा तरी विचारलंस, बाई गं, तुला काय येतं? माझ्या घरात एकदा तरी पाऊल ठेवलंस? खिडकीतून हात हलवतेस, राणीसारखा! आणि जाते म्हटलं तर म्हणे, बरं होईल की!"

असं आमच्यात कोणी कोणाला बोलत नाही. निदान तोंडावर तर नाहीच. ऑरिन गेल्यापासून मला कोणी बोललं नव्हतं. सगळे "हो आर्डिस, बरं आर्डिस" म्हणत आले. मी ट्रे हातात धरून उभी राहिले आणि मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"काय?"

"ते मी खोटं बोलले. बरं होणार नाही. मला अजिबात बरं वाटणार नाही. जाऊ नकोस एकबीला."

व्हर्लाने घासणी उचलून पिळली. मग हळू म्हणाली, "उशीर झाला गं. गुरुवारीच मालकाला लिहून दिलं. पलीकडच्या पोरांच्या मित्रांनी त्याच दिवशी पैसे भरून घर घेतलंसुद्धा. ऑगस्टपासून माझं घर त्यांचं."

गाव कॉलेजचं. घर एक दिवस मोकळं राहत नाही, हे मला तिच्याहून जास्त माहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते आवरलं नाही.

"माझ्याकडे ये," मी म्हणाले. "चार खोल्या आहेत. दोन घे. तिथून कॉलेज आणखी जवळ."

"वेडी आहेस का? एका स्वयंपाकघरात आपण दोघी? मी तुझ्याशी रोज भांडेन."

"भांड की. आज भांडलीस तशी भांड. दहा वर्षं झाली, माझ्याशी कोणी भांडलेलं नाही, व्हर्ला. सगळं माझ्या मनासारखं होतं, आणि संध्याकाळी घरात माझ्या पावलांशिवाय आवाज नसतो."

ती म्हणाली, "विचार करते." आमच्यात "विचार करते" म्हणजे नाही. मी ट्रे पुसून फळीवर ठेवला, दिवे मालवले आणि घरी जाऊन जेवणाशिवाय झोपले.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर ती माझ्या दाराशी आली. घंटी न वाजवता आत शिरली, थेट स्वयंपाकघरात गेली, आणि एकेक खण उघडून पाहायला लागली. चमच्यांचा खण तिने बाहेर ओढला, थोडा वेळ पाहिला, आणि म्हणाली, "चमचे शेगडीपासून इतक्या लांब कोणी ठेवतं का?"

तो खण ऑरिनने बनवला होता आणि चमचे त्या जागी बेचाळीस वर्षं होते. माझ्या जिभेवर सात उत्तरं आली. मी ती सगळी गिळली.

गेल्या ऑगस्टला तिला माझ्या घरी येऊन दोन वर्षं झाली. भांडणं तिने कबूल केली होती त्याहून जास्त होतात. बटाट्यांवरून तर आम्ही आठवडाभर बोललो नाही. चमचे मला अजून सापडत नाहीत. मी ओरडून विचारते, "व्हर्ला, चमचे कुठे ठेवलेस?" आणि वरच्या खोलीतून, दगडांच्या पुस्तकातून डोकं न काढता, कोणीतरी उत्तर देतं.